बंद काचेची इज्जत

बुऱ्हाणपुरात मे महिन्यात गाडीची काच खाली असणं म्हणजे एसी बंद असणं, आणि एसी बंद असणं म्हणजे धंदा बसलेला असणं, हा नियम कुठल्याही राजपत्रात छापलेला नाही. तरी हेल्मेटच्या नियमापेक्षा तो जास्त कसोशीने पाळला जातो.

केळीचे अडते नंदकुमारशेठ यांच्याकडे लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी एक जुनी स्पोर्ट्स कार होती. एका वर्षी केळीला भाव होता आणि अकलेला नव्हता, त्या वर्षी ती इंदूरहून आली. तिच्यात आधी डोकं घालायचं, मग एक पाय, मग उरलेले शेठजी. एसीचं बटण दाबलं की दिवा लागे, आवाज येई, हवाही येई. फक्त ती बाहेरच्या हवेपेक्षा गरम असे.

"अहो, काच उघडा ना," शेजारी बसलेल्या वैजयंतीबाई पदराने वारा घेत म्हणायच्या.

"केळी मंडी जाऊ दे, मग उघडतो."

"मंडी गेली की लालबाग येतं."

"लालबागेत तर आपली जास्त ओळख आहे."

असं दोन उन्हाळे चाललं. तिसऱ्या उन्हाळ्यात मुलीच्या सोयरिकीने प्रकरण गंभीर केलं. तृप्ती आणि नेपानगरचा रितेश इंदूरला एकत्र शिकले होते आणि त्यांचं आपसात ठरून गेलं होतं. बाकी होतं ते दोन बापांचं एकमेकांना कमी न दिसणं. रितेशचे वडील भूपेंद्रराव, कागद कारखान्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले, आधी एकटेच घर पाहायला येणार होते. फोनवर ते म्हणाले, "स्टेशनवरून मी रिक्षाने येतो."

"रिक्षा कशाला? आपली गाडी आहे ना," नंदकुमारशेठ म्हणाले. "एसी जरा कडक आहे. शाल ठेवा जवळ."

फोन ठेवल्यावर तृप्ती म्हणाली, "पप्पा, शाल?"

"बोलून गेलो," शेठजी म्हणाले.

दुरुस्तीचं काम भिकनकडे सोपवण्यात आलं. शेठजींचं केळी पिकवायचं चेंबर थंड ठेवणारी मशीन भिकन सांभाळायचा, त्यामुळे थंडी या विषयावर त्याचा शब्द शेवटचा होता. बॉनेट न उघडताच तो म्हणाला, "गॅस गेला."

गॅस भरला. संध्याकाळपर्यंत तोही गेला.

"कुठे गेला रे?"

"गॅस आहे शेठ. सांगून थोडा जातो?"

पुन्हा भरला. मग पट्टा बदलला, मग पाइप बदलला, मग जुना पट्टाच बरा होता असं ठरलं. एका दुपारी खरंच गार हवा आली.

"आली का शेठ?" भिकनने बाहेरून विचारलं.

"उजव्या पायाला आली."

"मग डावीकडचं काम बाकी आहे."

डावीकडचं काम झाल्यावर उजवा पायही गरम झाला. शेवटी गाडी टेम्पोवर चढवून इंदूरच्या एका मोठ्या वर्कशॉपला नेली. तिथे तिला कॉम्प्युटर लावण्यात आला. कॉम्प्युटरने छापील निष्कर्ष दिला की सदर वाहनाची वातानुकूलन यंत्रणा विहित मर्यादेत कार्यरत आहे, बाहेरील हवामान मात्र मर्यादेबाहेर आहे, सबब ग्राहकाने वाहन योग्य हवामानात वापरावं.

"योग्य हवामान म्हणजे?"

"दिसंबर चलेगा, सर," काउंटरवरचा मुलगा अदबीने म्हणाला.

पाहुणे रविवारी येणार होते. डिसेंबर लांब होता. भिकनने रात्रभर विचार केला आणि शनिवारी येऊन सांगितलं, "शेठ, गाडीत थंडी बनून नाही राहिली, तर बाहेरून भरू. चेंबरमध्ये केळी थंड होते ना? मग गाडीला काय झालं?"

"केळी आणि गाडीत फरक आहे भो."

"हाव. केळी लवकर खराब होते. गाडीचं तर होऊन गेलं."

शेठजींनी चेंबरची किल्ली काढून दिली. क्रेट सरकवले, गाडी आत ढकलली, बाहेरून दार लावलं.

सकाळी गाडी बाहेर काढली तर काचांवर बाहेरून दव धरलेलं. लाल पत्र्यावरून पाण्याचे ओघळ. आत थेट माघ महिना. मंडीतून जाताना लोक उभे राहून बघू लागले. "बाप रे, शेठचा एसी पाहा. गाडीला घाम फुटून राहिला." शेठजींनी काच उघडली नाही. नुसत्या भुवया वर केल्या.

स्टेशनवर कळलं की आगगाडी उशिरा धावते आहे. नेपानगर हाकेवर आहे, पण तिकडून येणारी गाडी पार इटारसीपलीकडचा उशीर घेऊन येते. थंडी वाया जाऊ नये म्हणून शेठजी दार न उघडता उन्हात आतच बसून राहिले. भूपेंद्रराव आले तोवर चेंबरचा फक्त वास उरला होता.

भूपेंद्ररावांनी आधी डोकं घातलं, मग पाय, आणि बसता बसता खरोखरच शाल पांघरली.

"छान थंड आहे हो," ते म्हणाले. कपाळावरचा घाम त्यांच्या भुवईत उतरला होता.

"कमी करू का थोडा?"

"नको. आमच्या घरीही असाच आहे."

"असाच?"

"अगदी असाच," भूपेंद्रराव म्हणाले. मग हुंगून म्हणाले, "वास कसला?"

"परफ्यूम आहे. इंपोर्टेड."

"केळीसारखा येतो."

"तिकडे केळी महाग असते ना."

मंडीपाशी केळीचे ट्रक अडकले होते. गाडी थांबली. डॅशबोर्ड तव्यासारखा तापला. दोघांचे शर्ट सीटला चिकटले. बोलणं हवामानावर आलं. बऱ्याच वेळाने भूपेंद्रराव क्षीण आवाजात म्हणाले, "शेठ, राग मानू नका. काच जरा खाली घेतली तर चालेल का?"

नंदकुमारशेठ गार पडले, तेवढेच. काच उघडली तर भर मंडीत इज्जत जाणार. न उघडली तर सोयरा जाणार, आणि तो कदाचित जगातूनच.

"नाही म्हणजे," भूपेंद्रराव पुढे म्हणाले, "तुमचा एसी इतका जबरदस्त आहे, की कान दुखून राहिले."

शेठजींनी त्यांच्याकडे पाहिलं. असा समजूतदार माणूस त्यांना मंडीत आजवर भेटला नव्हता.

"घ्या, घ्या," ते म्हणाले. "माझेही दात वाजून राहिले."

दोन्ही काचा खाली गेल्या. तापलेली लू आत आली आणि दोघांनी सुखाने डोळे मिटले.

तेवढ्यात समोरचे अडते कडूशेठ पुढे आले. "काय नंदूभाऊ, एसी गेला वाटते?"

आजूबाजूची माणसं ऐकायला थांबली. नंदकुमारशेठचा हात काचेच्या बटणाकडे गेला. तेव्हा भूपेंद्ररावांनी शालीसकट डोकं बाहेर काढलं.

"अरे भाऊ, गेला कुठे? सहन होऊन नाही राहिला म्हणून काच उघडली."

कडूशेठनी शाल पाहिली. मग स्वतःच्या गाडीकडे पाहिलं. तिच्या चारही काचा बंद होत्या, एसी नवा होता, चालू होता, आणि काच उघडण्याइतका कडक मात्र नव्हता.

सोयरीक त्याच दुपारी पक्की झाली. दोन्ही बाप घामाने निथळत घरात शिरले तेव्हा तृप्तीने विचारलं, "पप्पा, भिजलात कशाने?"

"एसीचं पाणी," दोघे एकदम म्हणाले. तृप्तीने आत जाऊन रितेशला फोन केला, की जमलं, दोघे एकाच जातीचे खोटारडे निघाले.

पुढच्या आठवड्यात कडूशेठ काच खाली करून मंडीत आले. गळ्याला मफलर होता. त्यानंतर बाकीचे. ज्यांचे एसी बिघडलेले होते त्यांची सोय झाली, आणि ज्यांचे चांगले होते त्यांनी ते बंद केले, कारण काच उघडी ठेवून एसी चालवणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. भर मे महिन्यात कापडाच्या दुकानांतून शाली संपल्या. बंद काचेची गाडी दिसली की आता लोक हळहळतात. बिचाऱ्याचा एसी काही खास दिसत नाही.

तुम्ही हसा, काही हरकत नाही. पण तृप्तीच्या लग्नाला येताना तुमच्या गाडीचा एसी खरोखर चालत असेल, तर गावात शिरण्याआधी काच तेवढी खाली घ्या. बंद ठेवलीत तरी आम्ही समजून घेऊ हो. पण तुमच्याही घरात लग्नाची मुलं असतीलच.