मिशीआडचं मराठी

आमच्या शेजारचे येसूनाना माझ्या डोळ्यांत बघून कधी बोलले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघायचे. आणि तोंडावर माझी भरघोस मिशी असल्यामुळे त्यांनी ओळख झाली त्याच दिवशी मला सांगून टाकलं, "मास्तर, तुमचं मराठी लई अशुद्ध हाय."

ही सत्तावीस-अठ्ठावीस सालची गोष्ट. मी सोलापुरात एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. दुसऱ्यांच्या चुका तांबड्या शाईनं खोडण्यात ज्याची दहा वर्षं गेली, त्याला हे ऐकून घेणं जडच जाणार. मी विचारलं, "काय अशुद्ध आहे?"

"दिसत न्हाय की! वरचा ओठ कुटं हाय? निम्मी अक्षरं मिशीत अडकत्यात. काढा ती."

"नाना, माझे वडील हयात आहेत, वैरागला," मी तापून म्हणालो. मिशी काढायची ती बाप गेल्यावरच, हे त्यांना सांगायला नको होतं. पण भाषेपेक्षा बापाची पर्वा करणारा हा कसला मास्तर, अशा नजरेनं ते बघत राहिले.

नाना गिरणीत जॉबर होते, म्हणजे कापड विणणाऱ्या साचेखात्यातले मुकादम. तिथं सगळे साचे एकदम धडधडू लागले की कानाशी ओरडलेलंही ऐकू जात नसे. त्यामुळे तिथली माणसं आवाज न काढताच बोलत. ओठ ताणायचे, भुवया उडवायच्या, बोटं नाचवायची. बाकीचे लोक भोंगा झाला की ही भाषा तिथंच ठेवून घरी येत, नाना ती घेऊन येत. एकदा सकाळी आमच्या दारात उभे राहून त्यांनी तोंडाचे आ, ऊ, ई असे सगळे आकार करून दाखवले. आवाजाचा पत्ता नाही. आमच्या हिला वाटलं दाढ दुखतेय, म्हणून तिनं लगबगीनं लवंग आणून दिली. त्यांना विरजण हवं होतं.

साच्यांनी त्यांचे कान अधू केले होते, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. सात रस्त्याजवळ एकदा कुणा पाहुण्याचं व्याख्यान होतं. आम्ही अगदी मागं बसलो होतो. अध्यक्ष चिटणिसांच्या कानाला लागले, तसे नाना आपल्या नेहमीच्या, म्हणजे चार गल्ल्यांना पुरेल अशा आवाजात मला म्हणाले, "ते म्हणत्यात, ह्यो कवा थांबायचा? माजी कुर्डुवाडीची गाडी चुकतीया." व्याख्यान दोन मिनिटांत आटोपलं. अध्यक्षांना गाडी मिळाली असावी.

नानांचं म्हणणं असं, की माणसाला बोलायला जागा शिकवते. माळावर मेंढरं राखणाऱ्याला लांब हाका माराव्या लागतात, म्हणून त्याचं तोंड ऐसपैस. कचेरीतल्या कारकुनाच्या शेजारी साहेब बसतो, म्हणून त्याचे ओठ शिवलेले. मी त्यांना समजावायचो की भाषा विचारातून येते आणि विचार असतो डोक्यात.

"डोक्यात न्हाय, गालात ऱ्हातो. मनातल्या मनात 'पापड' म्हना बगू."

मी म्हटलं.

"हाललं की ओठ!"

मी ते कबूल केलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्ग निबंध लिहीत असताना मी पुन्हापुन्हा मनात पापड म्हणून बघत होतो, आणि थोड्या वेळानं ध्यानात आलं की सगळा वर्ग लेखणी थांबवून माझ्या मिशीकडे बघतोय.

नानांची बायको केव्हाच वारली होती, मुलगी अक्कलकोटला सासरी होती. जिवाभावाचा माणूस एकच, साचेखात्यातला राजय्या विणकर. राजय्याच्या घरी तेलुगू, मराठी फक्त बाजारापुरतं. पण साच्यांच्या गदारोळात दोघं अठरा वर्षं बोलत आले होते. लेकींची लग्नं, गुडघेदुखी, साहेबाची टवाळी. दोन्ही गाल फुगवले की साहेब. मी म्हणालो, "ही कसली भाषा? हिला व्याकरण तरी आहे का?"

"भांडता येतं की तिच्यात," नाना म्हणाले.

रविवारी मात्र पंचाईत व्हायची. दोघं तळ्याच्या काठी शेजारी शेजारी बसत. "ऊन हाय." "हाय." संपलं. मी एकदा कारण विचारलं, तर नाना चक्क लाजले. "त्येचा आवाज ऐकला की वाटतं, ह्यो दुसराच कोनतरी. माज्या राजय्याला आवाज न्हाय, मास्तर."

त्या थंडीत राजय्याचा खोकला बळावला. नानांनी साच्यांमधून त्याला खुणावलं, आता थकलास, साचा सोड. काळजीनंच सांगितलं, पण राजय्याला वाटलं जॉबर आपल्याला घरी बसवतोय. त्यानं पाठ फिरवली. साचेखात्यात पाठ फिरवली की बोलणंच खुंटलं, पाठीला काही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं अंथरूण धरलं.

नानांनी आठ दिवस कसेबसे काढले. मग माझ्याकडे आले. "चला माज्यासंगं. तुमी भाषेचे मास्तर. त्येला सांगा, मी त्येला काढत नव्हतो."

"मला तेलुगू येत नाही, नाना."

"मला तरी कुटं येतंय?"

गेलो. पुढच्या खोलीत राजय्याची सून हातमागावर विणत होती. पाहुणे आलेले बघून तिनं माग थांबवला. आत राजय्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. घर एकदम शांत. नानांनी घसा खाकरला आणि हाक मारली, "राजय्या!" फळीवरचं भांडं खणाणलं, पण पाठ हलली नाही. मग मी पुढं होऊन शुद्ध मराठीत नानांची बाजू मांडली. शुद्ध मराठीलाही पाठीनं दाद दिली नाही.

नाना उठून बाहेर गेले. "पोरी, माग चालीव की. जोरात चालीव."

ती बिचारी गोंधळली, पण बसली मागावर. खटक्-खटक्, खटक्-खटक्. गिरणीच्या मानानं काहीच नाही, तरी त्या दोन खोल्या आवाजानं भरल्या. आणि राजय्या वळला. इतक्या वर्षांची सवय, विणण्याचा आवाज सुरू झाला की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं.

नानांचे ओठ हलू लागले, बोटं नाचू लागली. मला एक अक्षर कळलं नाही. त्यांनी खोकल्याची नक्कल केली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, एवढं दिसलं. राजय्या बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं हळूहळू, दम लागत असताना, दोन्ही गाल फुगवले. नाना हसता हसता रडू लागले. मलाही राहवलं नाही.

पुढं रोज संध्याकाळी नाना तिकडं जात आणि सून माग चालवी. तीन आठवडे हे चाललं. मग राजय्या गेला.

नाना पायरीवर बसून राहू लागले. मधूनच ओठ हलत, बोटं उठत, आणि समोर बघणारं कुणी नाही हे ध्यानात आलं की हात मांडीवर पडत. मला ते बघवेना. एका सकाळी मी न्हाव्याकडे गेलो. त्यानं वस्तरा हातात घेऊन हळूच विचारलं, "वडील?"

"ठणठणीत आहेत. काढ तू."

शाळेत हेडमास्तरांनी पाठीवर हात ठेवून माझं सांत्वन केलं. घरी हिनं देवापाशी दिवा लावला आणि माझ्याशी अबोला धरला. संध्याकाळी मी नानांच्या पुढ्यात पायरीवर बसलो, आणि आवाज न काढता, ओठ ताणताणून विचारलं, चहा घेणार?

ते माझ्या उघड्या ओठाकडे बघतच राहिले. मग त्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मला पहिल्यांदाच सगळं वाचता आलं.

"अजून अशुद्धच हाय, मास्तर. पर कळतंय की."