टॅक्स भरण्याइतका मोठा माणूस

लग्न ठरताना मी सासऱ्यांना माझा पगार जरासा फुगवून सांगितला होता. (जरासा म्हणजे दुप्पट.) तेव्हापासून बावीस वर्षं, ते घरी आले की मी कपाळाला हात लावून म्हणतो, "काय सांगू, निम्मा पगार टॅक्समध्येच जातो!" खरं तर आवक-जावकच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला टॅक्स लागूच होत नाही.

परवा सासरे सोफ्यावर पेपर वाचत बसले होते आणि माझा फोन वाजला. कानाला लावला तर त्यातून काही ऐकूच येत नाही, म्हणून मी सदा स्पीकरवरच बोलतो.

"सर, टॅक्स ऑफिसातून बोलतोय. तुमची चाळीस हजारांची थकबाकी आहे. पाचच्या आत भरा, नाहीतर अटक होईल. फोन ठेवू नका आणि घरात कुणालाही सांगू नका."

"नाही सांगत," सासरे म्हणाले.

'अहो, मला टॅक्सच नाही' एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण सासऱ्यांनी पेपर खाली केला. "चाळीस हजार नुसती थकबाकी? जावईबापू, मग कमाई केवढी असेल!" त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर मी पहिल्यांदाच पाहिला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"भरतो की," मी म्हणालो. "आमच्यासारख्यांनी नाही भरायचा तर कुणी?"

लगेच लिंक आली. खात्यात बेचाळीस हजार होते. बायकोनं दोन वर्षं पै-पै साठवून वॉशिंग मशीनसाठी ठेवलेले. पण आता माघार घेतली तर अब्रू जाणार! मी लिंक उघडून कार्डाचा नंबर भरला.

"ओटीपी सांगा, सर."

"चार... सात..." एवढ्यात बायको ओल्या हातांनी धावत आली आणि तिनं फोन हिसकावला.

"अहो, सरकारला कधीपासून एवढी घाई व्हायला लागली?" ती आधी माझ्यावरच घसरली. "तुमच्या टेबलावरचा कागद शेजारच्या टेबलावर जायला महिना लागतो, आणि ह्यांना पैसे पाचच्या आत हवेत? ना नोटीस, ना कागद. वर तुम्हाला 'सर' म्हणतोय! निदान त्यावरून तरी ओळखायचं!" मग फोनमध्ये ओरडली, "आणि तुम्ही हो, टॅक्स कसला मागताय? ह्यांचा पगार अठरा हजार आहे!"

पलीकडून हळूच आवाज आला, "महिन्याचा?"

"महिन्याचा. हातात सोळाच येतात."

"अरेरे... राहू द्या ताई. यांचा नंबर यादीतून काढतो." फोन कट.

बायकोनं तिथल्या तिथे पोलिसांचा तक्रारीचा नंबर लावला. सासऱ्यांनी पेपरची नीट घडी घातली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तिला म्हणाले, "लावतेच आहेस तर विचार गं जरा, बावीस वर्षांपूर्वीची फसवणूक घेतात का."