सत्तेचाळीस सत्कारमूर्ती

नाथाजी गुरुजींचा ठराव पाच मिनिटांत एकमतानं मंजूर झाला, तेव्हाच त्यांना शंका यायला हवी होती. वडाच्या वाडीत आजवर एकमतानं एकच गोष्ट झाली होती, ती म्हणजे आधीच्या गुरुजींची बदली.

ठराव साधा होता. येत्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर, गावची सुईण हरणाबाई हिचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार करावा. हरणाबाई मूळची आटपाडीकडच्या मेंढपाळ घरातली. नवरा पलूसच्या बाजूला उसाच्या रानात मेंढरं बसवायला आला आणि इथंच राहिला. त्याच्यामागं पन्नास वर्षं तिनं गावातली बाळंतपणं केली, कुणाकडून काही मागितलं नाही. चार वर्षांपूर्वी नदीला पूर येऊन एस्टी बंद पडली, मिरजेची वाट तुटली, तेव्हा गुरुजींची पोर तिच्याच हातात जन्मली होती. पोर आणि तिची आई दोघी आज धडधाकट होत्या, आणि गुरुजी ते विसरणाऱ्यांपैकी नव्हते.

आता हरणाबाई गाव सोडून निघाली होती. "हल्ली लोक मिरजंच्या दवाखान्यात जात्यात, माजं हितं काय काम?" असं म्हणून तिनं आटपाडीला लेकाकडं जायचं ठरवलं होतं. गाडी सत्तावीस तारखेची होती. म्हणजे तिचं ऋण मानायला गावाला हा एकच दिवस उरला होता. गुरुजींनी स्वतः सांगलीला जाऊन एक चांगली लोकरीची शाल आणली आणि मानपत्र लिहायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हवालदार लालासाहेब दारात आले. पासष्टच्या लढाईत असलेले, आता पेन्शनीत आलेले. त्यांनी चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघताना सहज म्हणाले, "गुर्जी, देशाची सेवा ही समाजसेवेत धरत न्हाईत का हल्ली?"

गुरुजी शरमले. खरंच होतं ते. त्यांनी यादीत दुसरं नाव लिहिलं. इथंच सगळं चुकलं.

कारण लालासाहेब वरच्या आळीतले. वरच्या आळीत सत्कार आणि खालच्या आळीत नाही, ही गोष्ट वाडीत कुणी ऐकून घेतली नसती. दुपारी खालच्या आळीचा गुंडा नावाचा शेतकरी आला. गुंडानं गावाच्या पाणंदीत हातभर कुंपण सारलं होतं आणि तलाठ्यानं नोटीस दिल्यावर मागं घेतलं होतं. आपण रस्त्यासाठी जमीन सोडली, असं त्याचं म्हणणं. गुरुजींनी वाद नको म्हणून 'भूमी-त्याग' असा शब्द योजून त्याचं नाव लिहिलं. गुंडाचं नाव लागलं म्हटल्यावर त्याच्या भावकीतला दुसरा तट आला. मग त्यांचे पाहुणे आले. एका भावकीत एक आणि दुसरीत दोन नावं झाली, की पहिलीत एक वाढवावं लागे, आणि ती वाढली की तिसरी रुसून बसे.

गुरुजींच्या शब्दसंपत्तीची कसोटी लागली. एकाची मोठी कढई गावच्या प्रत्येक लग्नात जायची, ती तो घासून परत घ्यायचा. त्याचं 'अन्नदान-साहाय्य' झालं. एकानं वीस वर्षांत कोर्टाची पायरी चढली नव्हती, त्याला 'शांततेचे पाईक' केलं. एकानं काही म्हणजे काहीच केलं नव्हतं. खूप विचार करून गुरुजींनी त्याला 'संयमी समाजसेवक' लिहिलं आणि तो वाचून स्वतःच गहिवरला. शेवटी सरपंच भाऊसो म्हणाले, "माझं नाव नगं. पर लोक म्हंत्यात, सरपंचच न्हाई मंजी बरं दिसत न्हाई."

पंचवीस तारखेला यादी सत्तेचाळीसवर थांबली, तीही गावात कर्ते पुरुष उरले नाहीत म्हणून. त्यात नवीनच अडचण निघाली. पहिला मान कुणाचा? दुसऱ्या नंबरला बसायला कुणी तयार होईना. भाऊसोंनी तोडगा काढला की सगळ्यांना एकदमच फेटे बांधायचे, टॉवेल-टोपी द्यायची आणि प्रत्येकानं शेजारच्याला हार घालायचा. हरणाबाईचं नाव शेवटी ठेवलं. शेवटचा मान सर्वांत मोठा असतो, असं भाऊसोंनी गुरुजींना समजावलं. मात्र त्या मोठ्या मानासाठी त्या सेहेचाळीस जणांतलं कुणीही पुढं आलं नाही.

"एका बाईला शाल द्यायला निघाला होता," गुरुजींच्या पत्नी चंद्राबाई त्यांना म्हणाल्या, "आणि सगळ्या गावाचं लगीन लावून बसलात."

सव्वीसला झेंडावंदन नीट पार पडलं. शाळेपुढं तीन बैलगाड्या शेजारी शेजारी उभ्या करून, वर फळ्या टाकून स्टेज केलं होतं. जू पुढच्या बाजूला, लाकडी टेकूंवर ठेवलेलं. तालुक्याहून बीडीओसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून आले, आणि पाहुण्यांसाठी काहीच आणलेलं नाही हे त्या क्षणी सगळ्यांच्या ध्यानात आलं. भाऊसोंनी इकडंतिकडं बघितलं. ताटात शाल होती. ती बीडीओसाहेबांच्या खांद्यावर गेली. गुरुजी काही म्हणणार, तोवर टाळ्या झाल्याही.

स्टेजवर सेहेचाळीस फेटे दाटीनं उभे राहिले. हरणाबाईला जागाच उरली नाही. ती खाली बायकांत, चंद्राबाईंच्या शेजारी टेकली. गुरुजी भाऊसोंच्या कानाशी लागले, तर भाऊसो म्हणाले, "आधी फोटू हू द्या, मग म्हातारीला वर घिऊ." गुरुजींना मनापासून वाईट वाटलं. ज्या बाईसाठी हे सगळं उभं केलं, तिचंच त्यात काही उरलं नव्हतं.

फोटोवाल्याच्या चौकटीत एवढी माणसं मावेनात. तो म्हणाला, सगळ्यांनी थोडं मागं सरा. सेहेचाळीस जण एकदम मागं सरले.

हे सगळे जन्मापासून बैलगाड्या हाकणारे. मागं भार झाला की गाडी उलाळ होते, जू वर उठतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून गाडी उभी करताना मागं टेकू लावतात. पण त्या दिवशी कुणी गाडीवान नव्हता, सगळे सत्कारमूर्ती होते. तिन्ही गाड्यांची जुवं आकाशाकडं गेली आणि वडाच्या वाडीची समाजसेवा मागच्या बाजूनं हारतुऱ्यांसकट मातीत घसरली. पुढं खुर्चीवर बसलेले बीडीओसाहेब तेवढे वर उचलले गेले. त्यांनी एका जुवाला मिठी मारली आणि शालीसकट तिथंच राहिले.

धूळ बसली. फारसं कुणाला लागलं नव्हतं, पण लालासाहेबांचा घोटा मुरगळला होता आणि ते ओरडत होते. बायका हसू दाबत होत्या. हरणाबाई मात्र उठली, पदर खोचला आणि लालासाहेबांचा पाय मांडीवर घेतला.

"हलू नगंस," ती म्हणाली. "हललास तर लंगडा ठेवीन."

पाकिस्तानच्या तोफांपुढं उभे राहिलेले हवालदार गप्प पडून राहिले. तिनं घोटा चोळला, एक झटका दिला आणि फेट्याचंच कापड सोडून पाय आवळून बांधला. मग दुसऱ्याचा खांदा, तिसऱ्याचं मनगट. खाली उतरवलेले बीडीओसाहेब बघतच राहिले.

"या बाई कोण?" त्यांनी विचारलं.

"हरणाबाई," गुरुजी म्हणाले. "यादीत सत्तेचाळिसाव्या आहेत."

आणि मग त्यांना राहवलं नाही. पूर, बंद पडलेली एस्टी, पन्नास वर्षं, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. बीडीओसाहेबांनी अंगावरची शाल काढली, हरणाबाईच्या खांद्यावर घातली आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

हरणाबाईनं धुळीत बसलेली रांग एकदा डोळे भरून बघितली.

"म्या काय बोलू," ती म्हणाली. "ह्यो भाऊसो. दोन दिस अडून बसला हुता, आजबी पंचायतीत त्येच करतोय. लालासाहेब पायाळू. आधी पाय भाईर काढलं, डोस्कं मागनं आलं. आन ह्यो गुंडा जागा सोडायलाच तयार न्हवता, मी वडून काढला. समदी माजी लेकरं. ह्यास्नी उघडं लय बघितलंय, फेट्यात पैल्यांदाच बघती. चांगली दिसत्यात."

बायकांमधला हशा थांबता थांबेना. पण शेवटचे दोन शब्द म्हणताना तिचा आवाज हलला होता, आणि ते पुरुषांनी ऐकलं.

पहिला उठला तो गुंडा. त्यानं आपली टॉवेल-टोपी तिच्या पायाशी ठेवली आणि डोकं टेकवलं. मग भाऊसो. मग लंगडत लालासाहेब. कोण आधी, कोण मागं, हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. सेहेचाळीस जणांची रांग लागली आणि म्हातारीपुढं ढीग झाला. गुरुजी डोळे पुसत होते.

हरणाबाईनं ढीग निवडायला घेतला. टोप्या एका बाजूला, टॉवेल दुसऱ्या.

"टोप्या तुमच्या तुमी न्या," ती म्हणाली. "टावेल ऱ्हाऊ द्यात."

"मावशी," गुरुजी म्हणाले, "उद्याच्या गाडीत एवढं ओझं कुठं नेताय?"

"कुठली गाडी?" हरणाबाई टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाली. "हवालदाराचा पाय म्हैनाभर चोळाय लागंल. भाऊसोच्या सुनंला आठवा हाय, गुंडाची लेक म्हायेरी यायचीय. मिरजंची वाट पुन्ना तुटली तर मग काय करशिला? ही बाळुत्यांची कापडं झाली." तिनं त्यातले चार मऊ टॉवेल वेगळे काढले आणि गुरुजींच्या हातात दिले. "ही तुमच्या घरात ठेवा. आखाडात लागतील."

"आमच्या?" गुरुजी म्हणाले. "आमच्या घरात कशाला?"

हरणाबाईनं बायकांच्या घोळक्याकडं बघितलं. तिथं चंद्राबाई मान खाली घालून, तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"बाई, आजून सांगितलं न्हाईस व्हय यास्नी?"

"कधी सांगू?" पदराआडून चंद्राबाई म्हणाल्या. "पंधरा दिवस ते लोकांची मानपत्रं लिहीत बसलेत."