एकमताने पंधरा अँपियर

वीज नातीगोती पाळत नाही, वयाचा मान ठेवत नाही आणि समजावून सांगितलेलं ऐकत नाही. अशी उद्धट वस्तू घरात ठेवायची, तर तिच्यावर वडीलधाऱ्यांची देखरेख हवीच. या थोर विचारातून आमच्या घरी वीज समिती स्थापन झाली.

तातडीचं कारण होतं ताई. माझ्या या थोरल्या बहिणीची मुलाखत सोमवारी सकाळी दहाला कॉम्प्युटरवरून होणार होती, आणि आमच्या घरचा फ्यूज नेमका त्याच सुमारास जायचा. शिक्षण संपवून बरेच दिवस घरी बसलेल्या ताईला ही नोकरी हवीच होती. "मुलाखत संपेपर्यंत कुणी काही लावू नका, बस," एवढीच तिची मागणी. ती फारच सोपी असल्यामुळे समितीने फेटाळली.

अध्यक्ष काका. ते सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. विजेशी त्यांचा संबंध पंख्याखाली बसण्यापुरता (तो मात्र अखंड). सदस्य आजी, आत्या आणि वहिनी. मी चिटणीस. ताईला मताचा अधिकार नव्हता, कारण विषय तिचाच होता.

काकांनी एक मीटर पैदा केला आणि शास्त्र समजावलं: व्होल्टला अँपियरने भागलं की रोध मिळतो, गुणलं की शक्ती मिळते. व्होल्ट सगळ्यांना सारखेच, दोनशे तीस. त्यावर कुणाची हरकत नव्हती. सारखं वाटलेलं आमच्याकडे चालतं. भांडण लागलं ते अँपियरवरून. मोजमाप असं निघालं:

आजीचा गीझर: दहा अँपियर. रोध तेवीस ओहम, शक्ती तेवीसशे वॉट.

आत्याची इस्त्री: चार अँपियर. रोध साडेसत्तावन्न ओहम, शक्ती नऊशे वीस वॉट.

वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर: पाच अँपियर. रोध सेहेचाळीस ओहम, शक्ती एक हजार पन्नास वॉट.

ताईचा कॉम्प्युटर: एक अँपियर. रोधही दोनशे तीस, शक्तीही दोनशे तीस. (दोन्ही आकडे सारखे आल्यामुळे काकांना यात घोटाळा वाटला. हा हिशेब तेवढा त्यांनी दोनदा तपासला.)

साडेसत्तावन्न ऐकून आत्या खूश झाली. "आईच्या गीझरच्या अडीचपट!" रोध जास्त म्हणजे शक्ती कमी, हे काकांनी सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. "म्हणजे माझीच इस्त्री मेली अशक्त! मग अँपियर तरी कमी धरा की."

"काका, बेरीज वीस होते," ताई म्हणाली. "फ्यूज पंधराचा आहे."

"अगं, बेरीज काय, कधीही करता येते. माणसं दुखावता कामा नयेत," काका म्हणाले.

आजी आधीच दुखावली होती. "दहा? या वयात मी एवढं खाते होय रे?" काकांनी जीभ चावली आणि आजीचे सात केले. आत्याचे तीन झाले. वहिनीने कपबशा गोळा केल्या. "बरोबरच आहे, मी बाहेरून आलेली," असं कपबशांना सांगत ती आत गेली. तिचे चार झाले. ताईचा एक होता तो एकच राहिला, कारण तिची समजूत काढायची कुणाला गरज वाटली नाही. एकूण पंधरा. फ्यूजही पंधराचा! काकांना भरून आलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

सोमवार उजाडला. मुलाखत घराची अब्रू ठरवणार, असं सगळ्यांचंच मत पडलं. ताईच्या पाठीमागचा पडदा चुरगळलेला दिसू नये म्हणून आत्या इस्त्री घेऊन बसली. आपण चुकून स्क्रीनवर आलोच तर बरं दिसावं म्हणून वहिनी केस वाळवू लागली. आणि नातीला पारोशा अंगाने आशीर्वाद कसा द्यायचा, म्हणून आजीने गीझर लावला. एवढं प्रेम एका फ्यूजवर पहिल्यांदाच आलं असावं. त्याने थोडा वेळ सहन केलं.

"घरच्यांचा पाठिंबा कितपत आहे?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"घरचे सगळे—" ताई म्हणाली, आणि स्क्रीनवर अंधार झाला.

चौकशीत फ्यूज दोषी ठरला. तो बैठकीला हजर नव्हता आणि ठरावाचं त्याने काहीच मनावर घेतलं नाही. काकांच्या मते हल्ली फ्यूजसुद्धा पूर्वीसारखे समजूतदार राहिले नाहीत.

ताईला नोकरी लागली. पुढची मुलाखत तिने मैत्रिणीच्या घरून दिली. तिथे तिच्यावर इतकं प्रेम करणारं कुणी नव्हतं. आता ती दुसऱ्या गावी खोली घेऊन राहते. मला तिची फार आठवण येते. तिच्यामागे घरात बेरीज करणारं कुणी उरलेलं नाही.

तिची जागा भरायची आहे. अनुभवाची अट नाही. उमेदवाराला आकडे शांतपणे ऐकून मान डोलावता आली, की पुरे. मी वर वहिनीच्या ड्रायरची शक्ती सांगितली: पाच अँपियर, एक हजार पन्नास वॉट. दोनशे तीस गुणिले पाच. शंभर वॉट कमी पडतात. काकांचं लक्ष नव्हतं, बाकीच्यांचं अँपियरवर होतं, आणि तुम्ही वाचून तसेच पुढे आलात.

अभिनंदन. तुमची निवड एकमताने झाली आहे.