आज कोणाला बघून ओरडायचं?

एका जंगलात, मुलांनो, एक डोह होता. बारा महिने पाणी असलेला तेवढा एकच. त्यामुळे डोह ज्याच्या ताब्यात, जंगल त्याच्या ताब्यात. एवढं राजकारण तिथल्या सशांनाही कळायचं.

आपली गोष्ट सुरू होते तेव्हा डोह भैरू वाघाकडे होता. भैरू मोठा, जुना आणि गुरगुरण्यात पटाईत. त्याच्याशी वैर होतं ते कोळसुंद्यांचं. कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे. रंगाने तांबडे, शेपटी झुपकेदार, शीळ घालत टोळीने शिकार करणारे. त्यांचा म्होरक्या जिवाजी.

डोहाच्या वरच्या उतारावर गवत खाणारे राहायचे. सांबरं, चितळं, भेकरं. त्यांचा पुढारी होता आबाजी सांबर. शिंगं भव्य, आवाज गंभीर. मान अशी हलवायचा की ती हो म्हणाली की नाही, हे समोरच्याला घरी गेल्यावरही कळत नसे. पुढाऱ्याला आणखी काय लागतं?

आणि उताराची राखण करायची तुळसा भेकर. भेकर हे दिसायला लहानसं हरीण, पण ओरडलं की आवाज दोन टेकड्यांपलीकडे जातो. तुळसा उंच कातळावर उभी राहायची. कोळसुंदे दिसले की ओरडायची. सगळा कळप पळून सुरक्षित जागी जायचा. तिच्या आईनेही हेच काम केलं होतं. शेवटी आईला कोळसुंद्यांनीच खाल्लं. कळप वाचल्यावर.

भैरूशी गवत खाणाऱ्यांचा करार होता. भैरूने कोळसुंद्यांना उतारावर येऊ द्यायचं नाही. त्या बदल्यात त्याने अधूनमधून एखादं म्हातारं जनावर न्यायचं. याला मैत्री म्हणत. नेलेल्या जनावराचं यावर काय मत होतं, ते कोणी विचारलं नव्हतं.

पुढे एक दिवस भैरूच्या पंजात साळींदराचा काटा मोडला. पंजा सुजला. भैरू लंगडू लागला. "मी लंगडत नाही, विचार करत चालतो," असं त्याने सगळ्यांना कळवलं. सगळ्यांनी ते मान्य केलं आणि त्याच दिवसापासून त्याच्यापासून दोन उड्या लांब बसायला लागले.

कोळसुंदे मात्र दोन उड्या जवळ आले.

आबाजीने हे पाहिलं. एका सकाळी तो चार चितळांना बरोबर घेऊन कोळसुंद्यांच्या घळीत गेला आणि संध्याकाळी हसत परत आला. पाचांचे चार झाले होते, पण ते त्याने लगेच सांगितलं नाही.

तो थेट तुळसाच्या कातळाखाली आला.

"तुळसे, उद्यापासून कोळसुंदे आपले मित्र. त्यांना बघून ओरडायचं नाही."

"मग कोणाला बघून ओरडायचं, आबा?"

"भैरूला. तो आक्रमक आहे."

"कालपर्यंत तो रक्षणकर्ता होता."

"काल त्याला चालता येत होतं."

तुळसा म्हणाली, "आबा, माझ्या आईला कोळसुंद्यांनी खाल्लंय."

आबाजीने मान हलवली. "तो इतिहास झाला, बाई. मागे बघत चाललं की ठेच लागते. शिवाय जिवाजीला मी स्वतः भेटलोय. फार नम्र आहे. बोलताना सतत जीभ बाहेर ठेवतो."

तुळसाची धाकटी बहीण हौसा तिथेच उभी होती. तिचं पाडस महिन्याचं होतं. ती म्हणाली, "अक्का, आबा एवढं सांगतायत तर खरं असेल. आता पाडसाला घेऊन खालच्या कोवळ्या गवतात जाता येईल."

आठवडाभर सगळं ठीक चाललं. नवव्या दिवशी हौसा खालच्या गवतात चरत होती. तुळसाने कातळावरून पाहिलं, गवतातून तांबड्या पाठी सरकत होत्या. एक, दोन, सात. तिच्या घशात आवाज आला. पण ते मित्र होते. मित्रांना बघून ओरडायचं नाही, असा हुकूम होता. ती तशीच उभी राहिली. हौसाने मान वर केली ती सुद्धा नमस्कारासाठी.

पाडस तेवढं करवंदीच्या जाळीत होतं म्हणून वाचलं.

तुळसाने त्याला जाळीतून बाहेर काढलं, चाटलं आणि आपल्या कातळावर नेलं.

दुसऱ्या दिवशी आबाजीने सभा घेतली. "झाल्या प्रकाराबद्दल मला तीव्र चिंता वाटते," तो म्हणाला. मग म्हणाला, "शत्रूने खाल्लं तर त्याला हल्ला म्हणतात. मित्राने खाल्लं तर त्याला गैरसमज म्हणतात. हा फरक आपण समजून घेतला पाहिजे." गैरसमज कसा झाला हे शोधायला समिती नेमली. जिवाजीने स्वतःहून समितीत बसायची तयारी दाखवली. एवढा मोठेपणा पाहून पुष्कळ चितळांचे डोळे भरून आले.

याच सुमारास एरवी कोरडी असलेली नदी पावसाने भरली, आणि पलीकडून एक तरुण वाघ पोहत आला. उमराव त्याचं नाव. पलीकडचं जंगल त्याला पुरेना म्हणे. पहिल्याच दिवशी तो डोहाचं पाणी पोटभर प्याला आणि त्याने कोणालाही विचारलं नाही.

आणि मग, मुलांनो, कोणी कल्पना केली नव्हती ते घडलं. भैरू आणि जिवाजी एका जांभळीखाली शेजारी शेजारी बसले. दोघांनी आयुष्यभर एकमेकांची पिल्लं मारली होती. "आमचं नातं फार जुनं आहे," जिवाजी म्हणाला. ते खोटं नव्हतं.

तुळसाने विचारलं, "आबा, आज कोणाला बघून ओरडायचं?"

"कोणालाच नाही," आबाजी म्हणाला. "आता आपण मधोमध राहायचं. इकडेही नाही, तिकडेही नाही. दोन्ही बाजू आपल्याला मान देतील."

दिला की. भैरू आणि जिवाजी उतारावरून उमरावकडे चाल करून जायचे, तेव्हा वाटेत खायचे. उमराव उतारावरून त्यांच्याकडे चाल करून यायचा, तेव्हा तोही वाटेत खायचा. मधोमध असण्याचा हा एक फायदा असतो. सगळ्यांना आपण वाटेवर पडतो.

पाऊसकाळ संपेपर्यंत कळप निम्मा झाला. आणि लढणारेही थकले. मग एका सकाळी बातमी आली की तिघांनी तह केला. डोह तिघांचा. उताराचे तीन भाग, तिघांना एकेक. उद्या भर दुपारी डोहाकाठी शांतता-समारंभ. गवत खाणाऱ्यांनी सन्माननीय पाहुणे म्हणून सहकुटुंब यावं, जेवूनच जावं.

आबाजीच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्याने शिंगांना रानवेलींच्या माळा गुंडाळून घेतल्या. "हे माझ्या आयुष्यभराच्या खटपटीचं फळ," तो म्हणाला.

तुळसा कातळावरून खाली आली. "आबा, जेवायला काय आहे?"

"ते कळवलेलं नाही."

"डोहाकाठी गवत आहे का?"

"डोहाकाठी गवत कुठलं? नुसते दगड."

"त्या तिघांपैकी गवत कोण खातं?"

"कोणीच नाही."

"मग पंगतीला वाढणार काय?"

आबाजी वैतागला. "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. आयुष्यभर शत्रू शोधत बसलीस, आता शांतता समोर आली तर ती तुला ओळखू येईना. ऐक. उद्या तू कातळावर उभी राहा, शोभेसाठी. पण तोंड उघडायचं नाही. ओरडणं म्हणजे शांततेचा भंग. तसं झालं तर तुला कळपातून काढून टाकीन."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा कळप उतार उतरू लागला. पुढे आबाजी. त्याच्यामागे माद्या, पिल्लं, म्हातारे. पिल्लांना अंघोळी घातल्या होत्या.

तुळसा कातळावर उभी होती. हौसाचं पाडस तिच्या पायाशी. तिला वरून सगळं दिसत होतं. डोहासमोर उमराव बसलेला. डाव्या हाताच्या झुडपांत तांबड्या पाठी. आणि ज्या पायवाटेने कळप आला, त्या वाटेवर, कळपाच्या मागे, भैरू येऊन आडवा पडलेला. लंगडत आला होता बिचारा, पण वेळेवर आला होता.

तिला हौसा आठवली. मान वर केलेली हौसा.

आणि तुळसा ओरडली.

असं ती पूर्वी कधी ओरडली नव्हती. थांबेचना. टेकड्यांवरून आवाज परत आला, त्याच्यावर ती पुन्हा ओरडली. खाली कोणी विचार केला नाही. विचार डोक्याने करायचा असतो, आणि तो आवाज त्यांनी पायांनी ऐकला. सगळा कळप उजवीकडच्या कड्यावर उधळला. कडा अवघड होता, म्हणून तो कोणी अडवला नव्हता. दगड निसटले, पिल्लं घसरली, पुन्हा उठली. घटकाभरात सगळे वरच्या पठारावर होते, धापा टाकत.

आबाजी सोडून सगळे. तो डोहाकाठी उभा राहून कळपाला हाका मारत होता, "थांबा! परत या! गैरसमज होतोय!"

तिघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम. आणि शेवटचं. कारण मांडी कोणाची आणि फरा कोणाचा यावरून लगेच जुंपली, आणि सूर्य कलायच्या आत तह मोडला होता.

आता तुम्हाला वाटेल की पठारावर सगळ्यांनी तुळसाला खांद्यावर घेतलं. मुलांनो, तुम्ही लहान आहात.

पठारावर पाणी नव्हतं. पहाटे गवतावरचं दव चाटून दिवस काढावे लागत. चौथ्या दिवशी कुरकुर सुरू झाली. दहाव्या दिवशी दौलत नावाच्या चितळाला नवा पुढारी निवडलं आणि त्याने तुळसाला सगळ्यांसमोर उभं केलं.

"तिघं एकत्र आले होते," दौलत म्हणाला. "जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदा. आणि ते तुझ्या एका ओरडण्याने मोडलं."

"ते आपल्याला खायला एकत्र आले होते," तुळसा म्हणाली.

"कारण काहीही असो. एकत्र आले होते ना?"

"आणि तुम्ही सगळे जिवंत आहात ना?"

यावर कळपात थोडी चुळबुळ झाली. मग एक म्हातारं सांबर म्हणालं, "आहोत, पण तहानलेले." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

काही दिवसांनी खालून निरोप आला. भैरू मेला होता. जिवाजी उरलेली टोळी घेऊन डोंगरापार गेला होता. डोह आता एकट्या उमरावचा. त्याला एकटं एकटं वाटतं आणि चांगल्या मित्रांची गरज आहे. कळपाने खाली यावं, पाणी प्यावं. अट फक्त एक. त्या भेकराच्या आवाजाने त्याची झोप मोडते. राखणीला दुसरं कोणी ठेवावं.

"वाजवी अट आहे," दौलत म्हणाला.

कळप निघाला. हौसाच्या पाडसाने विचारलं, "मावशी, आपण नाही जायचं?"

"नाही," तुळसा म्हणाली. "आपण दव चाटू."

जाताना दोन-तीन माद्यांनी मागे वळून पाहिलं. एक थोडा वेळ थांबलीही. पण तिला तहान फार लागली होती.

खाली पोहोचल्यावर दौलतने नव्या राखणदाराची निवड केली. रीतसर, एकमताने. कातळावर ससा नेमला. ससा कान टवकारून उभा राहतो, रुबाबदार दिसतो आणि ओरडत नाही. तेव्हापासून त्या उतारावर पूर्ण शांतता आहे. कळप दर महिन्याला थोडा कमी होतो, पण एवढ्या शांतपणे की मोजणाऱ्याला मुद्दाम उठून मोजावं लागतं, आणि तेवढ्यासाठी कोणी उठत नाही.

तात्पर्य: मित्र पारखून घ्यावेत, असं सांगायला मी ही गोष्ट सांगितली असं तुम्हाला वाटलं असेल. छे. मित्र कोणीही चालतो, आज हा, उद्या तो. राखणदार तेवढा नीट पारखून मुकाच निवडावा, म्हणजे मैत्री शेवटपर्यंत टिकते. मित्राच्या नव्हे, आपल्या शेवटापर्यंत.