समस्त शुभेच्छुकांतर्फे

"दिनानाथजी, नमस्ते साईं. कॅम्प दोनच्या मार्केटमधून हरेश बोलतोय. तुमच्या फ्लेक्सवरचं ड्रॉइंग एकदम क्लिअर आहे. फक्त खाली एक पार्ट तुमच्या गुडघ्याच्या मागे गेलाय. त्याचा नंबर सांगा ना, माल बनवायला घेतलाय."

दिनानाथांना फोन स्पीकरवर टाकून बोलायची सवय, त्यामुळे त्यांच्या खरवईच्या घराच्या हॉलमध्ये हे सगळ्यांनी ऐकलं. बायको इंदुबाईंनी ऐकलं, पुतण्या सुजितने ऐकलं आणि पेटंटचा अर्ज भरायला आलेल्या तेजस्वी मॅडमनीही ऐकलं. दिनानाथांनी घाईघाईने फोन कापला.

"कसला फ्लेक्स?" तेजस्वीने लॅपटॉपवरून मान वर केली.

आता हे प्रकरण साधं नव्हतं. अंबरनाथ एमआयडीसीत मेन्टेनन्समध्ये उभा जन्म काढलेल्या दिनानाथांनी एक यंत्र बनवलं होतं. कारखान्यात गॅस गळला, मोबाइलचं नेटवर्क बसलं, तरी एका कामगाराच्या कमरेच्या पट्ट्यावरून दुसऱ्याच्या पट्ट्यावर धोक्याचा इशारा जायचा. कारखान्यांना अशी आणीबाणीची यंत्रणा पुरवणारी नवी मुंबईची एक कंपनी ते घ्यायला तयार होती, पण आधी पेटंट हवं म्हणत होती. "पैसा आम्ही ओतायचा आणि पुढच्या महिन्यात कुणीही निम्म्या किमतीत विकायचं, हे कसं चालेल?" असं त्यांच्या साहेबाने स्वच्छ सांगितलं होतं.

आणि अर्ज जायच्या आधीच नाक्यावर फ्लेक्स लागला होता. खरवईत कुणाचा मुलगा काठावर पास झाला तरी फ्लेक्स लागतो, मग शोध लागल्यावर का लागू नये? 'गावाचे भूषण, थोर संशोधक मा. दिनानाथशेठ यांचे अभिमानास्पद अभिनंदन.' मधोमध हात जोडलेले दिनानाथ, मागे यंत्राचं संपूर्ण ड्रॉइंग बाणांसकट, आणि खाली समस्त शुभेच्छुकांतर्फे सुजितचा गॉगल घातलेला फोटो.

तेजस्वीने नाक्यापर्यंत जाऊन ते पाहिलं आणि परत येऊन ती सोफ्यावर मटकन बसली. "काका, शोध एकदा जगजाहीर झाला की तो नवा राहत नाही. मग पेटंट मिळत नाही. कुणी लावला हा?"

"आता पोरं ऐकतात का?" दिनानाथ पुटपुटले. हेच वाक्य ते आठवडाभर गालातल्या गालात हसत सांगत होते. आज मात्र हसू आलं नाही.

"तुमच्या संमतीशिवाय लावलाय? मग कायद्यात वाट आहे. लावणाऱ्याने तसं शपथेवर लिहून द्यायचं."

सगळ्यांनी सुजितकडे पाहिलं. सुजितने काकाकडे पाहिलं. काकाने पंख्याकडे पाहिलं.

"मीच लावला," सुजित म्हणाला. "काकांना न विचारता."

"अरे मेल्या, काकाच्या पोटावर पाय दिलास," इंदुबाई कडाडल्या. "लाज नाय वाटली?"

"चुकलं काकी."

"आणि ड्रॉइंग कुठून मिळालं?" तेजस्वी टाइप करत होती.

"काकांच्या मोबाइलमधून. ते झोपले होते तेव्हा चोरलं."

"चोर. घरात चोर पाळला मी," इंदुबाईंनी पदर खोचला. "थांब, तुझ्या आईलाच फोन लावते. तिलाबी कळू दे पोरगं काय दिवे लावतंय ते."

दिनानाथांचे कान तापले. मजकूर त्यांनीच लिहिला होता, 'थोर' हा शब्द दोनदा खोडून तिसऱ्यांदा घातला होता. लोकांना नुसती फुशारकी वाटू नये म्हणून ड्रॉइंगही त्यांनीच दिलं होतं. सुजितचा फोटो तर त्याला न विचारताच टाकला होता. आणि तो पोरगा मान खाली घालून त्यांच्या वाटणीच्या शिव्या खात होता. जमीन दुभंगली तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. कंपनीचा करार डोळ्यांपुढे आला, मग सुजितची खाली गेलेली मान आली.

"फोन ठेव," ते म्हणाले. "फ्लेक्स मीच लावला. मजकूरही माझाच. त्याला काही माहीत नव्हतं."

तेजस्वीची बोटं थांबली. तिने लॅपटॉप मिटला. "मग अर्ज टिकणार नाही, काका. फ्लेक्सवर आलं नाही असं काही शिल्लक आहे यंत्रात?"

दिनानाथांनी आठवून पाहिलं. गुडघ्यामागे गेलेला पार्टही बाजारात कुठेही मिळणारा होता; बाकी त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. "नाही," ते म्हणाले, आणि सुजितजवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

इंदुबाई शांतपणे उठल्या आणि त्यांनी सुजितपुढे चहा ठेवला. "घे रे बाळा. लय ऐकलंस."

"तुला माहीत होतं?" दिनानाथांनी विचारलं.

"पहिल्या दिवशीच. तुमाला थोर म्हणणारं गावात तुमच्याबिगर हाय कोण?"

"मग त्याला कशाला एवढं बोललीस?"

"तुमचं तोंड कधी उघडतंय ते बघत होते," इंदुबाई म्हणाल्या. "बरं झालं उघडलं. माझ्या शिव्या संपत आल्या होत्या."