लेकी कुठं दिल्या?

आमच्या नजीर साहेबांसमोर कुणी रस्त्याचा अर्ज घेऊन उभं राहिलं, की ते अर्ज वाचत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात, अर्ज पेपरवेटखाली ठेवतात आणि विचारतात, "तुमच्या गावच्या लेकी कुठं दिल्या?"

समोरचा माणूस गडबडतो. शाळा, दवाखाना, हळद, सोयाबीन असं सगळं तो पाठ करून आलेला असतो. लेकींचं विचारतील असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

नजीर साहेब हिंगोलीच्या बांधकाम कचेरीत उपअभियंता आहेत आणि मी तिथंच आरेखक, म्हणजे जिल्ह्यातल्या रस्त्यांचे नकाशे काढणारी. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला माझं शिक्षण विचारलं नाही. "मॅडम, माहेर कुठलं?" असं विचारलं. मला राग आला. नोकरी करायला आलेय, पाहुणी म्हणून नाही. तरी सांगितलं, "कनेरगाव नाका."

"मंग तुमाला रस्त्याची तकलीफ न्हाई समजायची," ते खात्रीनं म्हणाले. "नाक्यावरच्या लेकीला गाडी दारात भेटते. तिला माहेर दूर असतंय हेच ठाऊक न्हाई."

त्यांचं म्हणणं असं, की नकाशावर रस्ता कुठून कुठे जावा हे बाजार, कारखाना किंवा पुढारी ठरवत नाही. ते सोयरिकी ठरवतात. या गावच्या मुली त्या गावात दिल्या असतील, तर त्या दोन गावांमध्ये माणूस चालणारच, मग मधे डांबर असो, चिखल असो नाहीतर ओढा. "माल वर्षातून एकदा दोनदा निघतो, मॅडम. लेक सणाला येती, बाळंतपणाला येती, भांडूनबी येती. अन् भांडून निघाली त् वाटेत नीट रडायला तरी सपाट सडक पायजे का न्हाई?"

मी पहिल्यांदा हसले होते. पण त्यांच्या सांगण्यावरून पेन्सिलनं जोडलेली गावं पुढं पाहायला गेले, तर प्रत्येक ठिकाणी पायवाट होतीच. माणसानं असं सारखं बरोबर असणं सोबतच्यांना फार त्रासदायक असतं.

या प्रश्नानं घोटाळेही झाले. गोरेगावच्या बाजूचे एक सरपंच आहेत, बाबाराव. त्यांना वाटलं, साहेब गावोगावची लग्नं जुळवून राहिले. पुढच्या खेपेला ते पुतण्यालाच घेऊन आले. पोरगा नवा शर्ट घालून, भांग पाडून खुर्चीच्या टोकावर बसला. साहेबांना वाटलं हा ठेकेदार.

"गिट्टी कुठून आणणार?" साहेबांनी विचारलं.

पोरगा घामाघूम झाला. "जी, मी मेडिकलच्या दुकानात हाय."

"मंग रोलर?"

"रोलर न्हाई जी. मोटारसायकल हाय."

बाबारावांनी पुतण्याचा बायोडाटा टेबलावर ठेवला तेव्हा कुठं उलगडा झाला. साहेब रागावले नाहीत. व्हरांड्यात सेनगावकडची दुसरी मंडळी त्यांच्या रस्त्यासाठी थांबली होती, त्यांना हाक मारून साहेबांनी पोरगा दाखवला. त्यांच्यातल्या एकाच्या लेकीशी लग्न जमलं. लग्नाला साहेब गेले आणि वरात निघाली तशी वरातीच्या पुढे पुढे वाकून खड्डे बघत चालू लागले. बँडवाल्यांना वाटलं म्हातारा रंगात आलाय, त्यांनी वाजवणं आणखी वाढवलं.

पुढं याच बाबारावांनी साहेबांना एकदा उलटं विचारलं, "साहेब, सगळ्या जिल्ह्याच्या लेकी तुमाला ठाऊक. तुमची कुठं दिली?"

"सवाल इकडून तिकडं जातो, बाबाराव. तिकडून इकडं न्हाई," साहेब म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर ओढून फाइलीत शिरले. त्यांना मी कधी फाइल इतकी मन लावून वाचताना पाहिलं नव्हतं.

जिल्ह्याच्या नियोजनाच्या बैठकीतही त्यांची हीच तऱ्हा. तिथं प्रत्येक जण आपल्या भागासाठी निधी ओढत असतो. एका आडवळणाच्या रस्त्यावर वरच्या साहेबांनी विचारलं, की याची गरज काय. नजीर साहेब उठले आणि म्हणाले, "या गावच्या लेकी त्या गावात हायत, सर." सभागृह हसलं.

"हे शासनाच्या निकषात कुठं बसतं?"

"निकषात न्हाई बसत, सर. जीपमदी बसतं. मागच्या शिटावर, लेकरू मांडीवर घिऊन."

पुन्हा हसू झालं, पण रस्ता मंजूर झाला. असे त्यांनी कितीतरी रस्ते करून घेतले.

या वर्षी जिल्ह्याचा रस्ते आराखडा नव्यानं करायचा होता. इथं एक गोष्ट सांगायला हवी. आराखड्यात ज्या वाटेला नंबर मिळतो, तिलाच पुढं पैसा मिळतो. नंबर नसेल तर गाव कितीही रडलं तरी तिथं खडी पडत नाही. आणि नवा आराखडा काही रोज होत नाही. साहेब या वर्षअखेरीस निवृत्त होणार, म्हणजे त्यांच्या हातून होणारा हा शेवटचाच.

शिरड शहापूरकडून जांभुळओढा नावाच्या गावची माणसं आली. गाव ओढ्यापलीकडे, पावसाळ्यात वाट बंद. मी पेन्सिल हातात धरून साहेबांच्या प्रश्नाची वाट बघत बसले. साहेबांनी माती विचारली, ओढ्याची रुंदी विचारली, गिट्टी किती लांबून आणावी लागेल ते विचारलं. लेकींचं विचारलंच नाही. "बघू," म्हणाले. त्यांना वाटेला लावलं आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला.

मला राहवलं नाही. "साहेब, तुमचा प्रश्न राहिला."

"राहू द्या."

"का?"

त्यांनी अर्जांचा गठ्ठा सारखा केला. मग म्हणाले, "माझी रुबीना हाय तिथं."

मग एकेक करत त्यांनी सगळं सांगितलं. एकुलती एक लेक जांभुळओढ्याला दिली, आणि लग्नानंतर हा बाप एकदाही तिच्या घरी गेला नव्हता. गेले तर गाव रस्ता मागणार. दिला तर साहेबानं लेकीसाठी सरकारी रस्ता केला असं लोक म्हणणार. नाही दिला, तर लेकीला त्याच गावात तोंड दाखवायचंय. म्हणून ते जातच नव्हते. रुबीना ईदला ओढा उतरला असेल तर यायची, नसेल तर नाही. बेगम साहेबा वारल्यापासून घरात ते एकटेच असतात. जिल्हाभराच्या लेकींना माहेरी पोचवणारा माणूस ईदचा शीरखुर्मा एकटा खात होता. मला त्यांचा रागच आला.

"अहो, ही कसली इमानदारी?" मी बोलून गेले.

"बराबर हाय, मॅडम," ते म्हणाले. "पण मला दुसरी येत न्हाई."

आराखडा वर पाठवायचा आठवडा आला तेव्हा जांभुळओढ्याच्या बायका कचेरीत आल्या. पुढं एक तरुण बाई, डोक्यावरून ओढणी, हातात जेवणाचा डबा. ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, आमच्या वाटेला नंबर पायजे."

साहेब म्हणायची तिची तऱ्हा ऐकूनच मी ओळखलं, ही रुबीना. नजीर साहेबांचा चष्मा कपाळावर जाईना की डोळ्यांवर येईना.

"अर्ज ठेवा," ते म्हणाले.

"तुमी सगळ्यास्नी इचारता, साहेब. आमाला काहून इचारत न्हाई?" रुबीना म्हणाली. "न्हाई इचारत त् मीच सांगते. आमच्या गावात एक सून हिंगोलीची हाय. तिचा बाप तिच्या घरी पाणी प्यायला आला न्हाई. गावातल्या बाया म्हणतेत, हिच्या बापाला हिचं सासर पसंत न्हाई. सासरा मान खाली घालून बसतो. तुमच्या इमानाची तकलीफ मी भोगून राहिले, साहेब."

साहेब उठले. त्यांनी हातातली पेन्सिल माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, हा सवाल तुमी इचारा. माझी सही याच्यावर नको, वरच्या साहेबांकडं सरळ न्या." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि जिथं अर्जदार बसतात त्या बाकावर जाऊन बसले.

मग मीच विचारलं, "लेकी कुठं दिल्या? सुना कुठल्या आणल्या?" बायका एकदम बोलू लागल्या. कुणी शिरड शहापूरची, कुणी औंढ्याची, कुणाच्या दोन्ही लेकी ओढ्याअलीकडच्या गावात. मी रेघ ओढत गेले. साहेबांच्याच मापानं बघितलं तर ही वाट कधीच आराखड्यात यायला हवी होती. मी ती घेतली आणि त्याच दिवशी कागद वरच्या साहेबांपुढं नेऊन ठेवला. नजीर साहेबांचा शब्द त्यासाठी कुठंच खर्ची पडला नाही.

परत आले तेव्हा रुबीना बाकावर त्यांच्या शेजारी बसून डबा उघडत होती. "कित्ते दुबले हो गए अब्बा," ती म्हणत होती. साहेब खाली मान घालून जेवत होते.

वाटेला नंबर मिळाला. पैसा त्याच्या पाळीनं येईल आणि रस्ता तेव्हा होईल. पण श्रावणातल्या एका सोमवारी साहेब कचेरीत आले ते गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं भरलेले. नेमके बाबाराव बसले होते.

"साहेब, हे काय? कुठं पडले का काय?"

"लेकीकडून आलो," साहेब इतक्या मोठ्यानं म्हणाले, की व्हरांड्यातल्या माणसांनी आत डोकावून पाहिलं. "जांभुळओढ्याला दिली हाय माझी लेक. कमरेइतक्या पाण्यातून गेलो."

"आता रस्ता होऊनच राहिला ना? मंग जायचं की आरामात."

"रस्ता झाल्यावर गेलो असतो त् लेक म्हणली असती, अब्बा सडकीसाठी थांबले होते."

शिपाई फडकं घेऊन बूट पुसायला आला, त्याला त्यांनी परत पाठवलं. तो चिखल आठवडाभर त्यांच्या टेबलाखाली वाळत होता. झाडणाऱ्या मावशींना मीच सांगून ठेवलं होतं, की तेवढं तिकडं झाडू नका.